विक्रांत बनवायचीय? मग आधी साल सांगा!

मागच्या अंकात आम्ही सहज लिहिलं होतं की लढाऊ जहाजांची आणि नौदलाच्या विमानांची स्केल मॉडेलं बनवणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवा, तर पत्रांचा ढीग लागला, मेल वेगळेच. त्यातली निम्मी आपल्या जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर, म्हणजे आर 11 वर (हा तिचा नौदलातला क्रमांक). सगळी छापणं शक्य नाही म्हणून निवडक घेतली. काहींचे प्रश्न लांबलचक होते ते छोटे केलेत, राग नसावा.

प्रश्न: मी प्लास्टिक शीट कापून 1/350 स्केलमध्ये जुनी आयएनएस विक्रांत बनवतोय. पुढे स्की-जंप (डेकच्या टोकाला वर जाणारा चढ) केलाय आणि डेकवर सहा सी हॉक जेट विमानं ओळीने लावणार. मित्र म्हणतो असं चालणार नाही. तो उगाच खुसपट काढतोय ना?
— कॉलेजातला वाचक, डोंबिवली

उत्तर: मित्राला चहा पाजा, तो बरोबर बोलतोय. विक्रांत नावाचं एकच जहाज होतं असं आपण समजतो आणि इथेच सगळा घोळ होतो. ती पाण्यात उतरली 22 सप्टेंबर 1945 ला, इंग्लंडात टाइन नदीवर, तेव्हा नाव होतं हर्क्युलीस आणि महायुद्ध नुकतंच संपलेलं, त्यामुळे काम अर्धवट सोडून तिला तशीच बांधून ठेवली. 1957 मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला हारलंड अँड वुल्फच्या गोदीत पुरी करून घेतली, आणि करून घेताना त्या काळातली नवी चीज म्हणजे तिरका डेक (विमानं उतरायला तिरकी आखलेली पट्टी) आणि वाफेचा कॅटापल्ट (विमानाला धक्का देऊन हवेत सोडणारं यंत्र) बसवून घेतला. 4 मार्च 1961 ला बेलफास्टलाच विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात आली, 18 मे 1961 ला लेफ्टनंट ताहिलियानी (हेच पुढे नौदलप्रमुख झाले) यांनी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं, नोव्हेंबरात ती मुंबईला लागली आणि स्वागताला स्वतः नेहरू होते.

आता तुमचा स्की-जंप. तो आला ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटी, सी हॅरियर या नव्या जेटसाठी, आणि तेव्हा कॅटापल्ट काढून टाकला. सी हॉकचं उड्डाण तिच्या डेकवरून सत्तरच्या दशकाच्या शेवटीच थांबलेलं आणि 1983 ला तर ती विमानं ताफ्यातूनच गेली. म्हणजे स्की-जंप आणि सी हॉक यांची एकमेकांशी गाठ कधी पडलीच नाही. तुमच्या डेकवर पुढे चढ हवा असेल तर सी हॅरियर, सी किंग आणि चेतक ही हेलिकॉप्टरं ठेवा, आणि सी हॉकच ठेवायची असतील तर तो चढ सरळ उडवा, पुढचा डेक सपाट करा आणि डाव्या बाजूला कॅटापल्टची बारीक चीर कोरा.

आधी लगीन कोंडाण्याचं म्हणतात तसं आमचं म्हणणं आहे, आधी साल ठरवा, जमलं तर महिनाही ठरवा, मग बाकी सगळं. 1961 ची, 1971 ची आणि 1990 ची विक्रांत यांत अँटेना वेगळे, रडार वेगळं, बोफर्स तोफांची संख्यासुद्धा वेगळी (सुरुवातीला 40 मिमीच्या सोळा होत्या, पुढे कमी केल्या). एकदा तारीख ठरली की फोटो शोधताना त्याच काळातले शोधायचे, दुसऱ्या सालचा कितीही झकास फोटो मिळाला तरी त्याच्याकडे बघायचंच नाही, कारण मोह होतो.

आणखी एका वाचकाने विचारलंय की ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न या विमानवाहू जहाजाचं किट घेऊन विक्रांत करता येईल का. मेलबर्न ही विक्रांतची सख्खी बहीण, दोघी मॅजेस्टिक वर्गातल्या, त्याच घराण्यात ऑस्ट्रेलियाची सिडनी आणि कॅनडाची मॅग्निफिसंट आणि बोनाव्हेंचर. खालचा सांगाडा कामाला येईल हो, पण आयलंड (डेकवरची उभी इमारत), मास्ट आणि डेकच्या कडा प्रत्येकीने आपापल्या परीने बदलून घेतल्यात, तेव्हा वरचा सगळा भाग स्वतः करायची तयारी असेल तरच पैसे घाला.

प्रश्न: हॉबी बॉसचं 1/72 सी हॉक केलं. दिसायला छान झालंय पण ठेवलं की मागे शेपटीवर बसतं. आता उघडून वजन घालायचं का? आणि भारतीय डेकल (नंबर-चिन्हांची चिकटचित्रं) लावण्याआधी काही बदल करावा लागतो का?
— एक बँक कर्मचारी, सांगली

उत्तर: तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या जेटच्या मॉडेलला ही खोड असतेच. नाकात वजन आधीच घालायला हवं होतं पण आता झालं ते झालं, पुढच्या चाकाच्या खोबणीतून किंवा नाकाची टोपी काढून आत जागा करता येते का बघा. वजनासाठी मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे मणी सगळ्यात स्वस्त आणि मस्त. फक्त एक गोष्ट, शिसं लाकडाच्या पांढऱ्या गोंदात कधीही चिकटवू नका. त्या गोंदातल्या आम्लाने शिशाला हळूहळू पांढरा गंज चढतो, तो फुगतो, आणि दोन-चार वर्षांनी कपाटात नुसतं ठेवलेलं विमान शिवणीवर उकलतं, तुम्हाला वाटतं घरात कोणी पाडलं, आणि बिचारी पोरं बोलणी खातात. एपॉक्सी वापरा नाहीतर सुपरग्लू.

आता बदलाचं. हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला शंभर मार्क, कारण बहुतेक लोक विचारतच नाहीत. आपल्या नौदलाने सी हॉक आधी ब्रिटनकडून घेतली आणि नंतर साठच्या दशकात जर्मन नौदलाकडची वापरलेली 28 विमानं घेतली. जर्मनांच्या मार्क 100 आणि 101 या प्रकारांची उभी शेपटी ब्रिटिश विमानापेक्षा उंच होती. किट आहे ब्रिटिश एफजीए 6 चं. म्हणजे तुम्ही ज्या नंबरचं डेकल लावणार त्या विमानाचा बाजूने घेतलेला फोटो काढा आणि शेपटीचं वरचं टोक नीट बघा, उंच असेल तर प्लास्टिक शीटचा तुकडा लावून, पुटी भरून, घासून शेपटी वाढवा. 1/72 मध्ये काम मिलिमीटरचंच आहे, पण शेजारी-शेजारी दोन प्रकार ठेवले की लगेच डोळ्यात भरतं.

जाता जाता, सी हॉकचं एक लाघव सांगतो. त्याच्या मागे जेटचा नळकांडा नाही. इंजिन मधोमध, आणि धूर दोन वाटांनी पंखांच्या मुळाशी मागच्या बाजूने दोन्हीकडे बाहेर पडतो. तिथला पत्रा तापून रंग उतरलेला, काळपट-तपकिरी झालेला असायचा. बाकी विमान स्वच्छ ठेवा पण तेवढी जागा कोरड्या ब्रशने मळवा, मॉडेलमध्ये जीव येतो.

गोव्याला जाणं झालं तर दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, 1998 पासून. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर सगळी तिथे उघड्यावर उभी आहेत, चालत फिरून हवे तितके बघता येतात. घरचे बीचवर जातील तेव्हा तुम्ही तिकडे सटका. मात्र तिथल्या विमानांवरचा आजचा रंग हा प्रदर्शनासाठी मारलेला रंग आहे, त्यावरून 1971 च्या छटा ठरवू नका. चाकांच्या खोबण्या, पंखांच्या बिजागऱ्या, हूक, हे मात्र मनसोक्त टिपून आणा.

प्रश्न: पावसाळ्यात स्प्रे मारला की रंगावर पांढरट धुकं बसतं. रंग खराब आहे का?
— वाचक, चिपळूण

उत्तर: रंग बिचारा चांगलाय, हवा चिपळूणची आहे. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावरच जमतं, तेच ते धुकं. जून ते सप्टेंबर क्लिअर कोट मारायचाच असेल तर पाऊस उघडलेल्या दुपारी मारा, किंवा एसी तासभर चालवून खोली कोरडी करा, आणि एकदम जाड थर न देता पातळ-पातळ द्या. एअरब्रशच्या पाइपला पाणी अडवणारा फिल्टर लावा, कॉम्प्रेसरमधून कोकणात अक्षरशः पाणी येतं. धुकं बसलंच तर घासत बसू नका, कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या लॅकर थिनरचा अगदी हलका फवारा दिला की वरचा थर परत थोडा विरघळतो आणि बाष्प निघून जातं. हे आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर करून बघा म्हणजे झालं. नाहीतर सरळ पावसाळ्यात कापाकापी आणि जोडणी करा, रंगकाम दिवाळीनंतर. कोकणातले बरेच जण तेच करतात.

प्रश्न: 1971 च्या युद्धात विक्रांतच्या बॉयलरला तडा होता असं वाचलं. बॉयलर तर जहाज चालवायला, त्याचा विमानं उडण्याशी काय संबंध?
— निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर: फार चांगला प्रश्न सर. विमानाला उडायला लागतो तो पंखांवरून जाणारा वारा. धावपट्टी लांब असली की विमान स्वतः पळून तो वारा मिळवतं, पण विक्रांत सगळी मिळून 213 मीटर, त्यातला कॅटापल्टचा पल्ला तर अगदीच थोडा. म्हणून विमानवाहू जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळतं आणि पूर्ण वेगात पळतं. समजा समोरून वारा 10 नॉटचा आणि जहाजाचा वेग 20, तर डेकवर उभ्या विमानाला जागच्या जागी 30 नॉटचा वारा मिळाला, त्यात कॅटापल्टचा धक्का मिळवा. आता डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा पडलेला असतो. म्हणजे सगळी भिस्त जहाजाच्या वेगावर. आणि चार बॉयलरपैकी एकाला तडे, त्यामुळे पूर्ण वाफ धरता येत नाही, मूळचा 25 नॉटचा वेग निघत नाही. वारा कमी पडला की विमानात बॉम्ब कमी, इंधन कमी, नाहीतर उड्डाणच नाही. शिवाय कॅटापल्टही वाफेवरच चालतो, म्हणजे तोही त्याच बॉयलरांच्या जिवावर!

तिला मुंबईतच ठेवावी असं म्हणणारे लोक होते तेव्हा. 1965 च्या युद्धात ती मुंबईत गोदीत दुरुस्तीला होती, लढाईत उतरली नव्हती, ते शल्य नौदलात होतंच. अखेर तिला पूर्वेला पाठवली, कॅप्टन होते स्वराज प्रकाश, पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन. तिला अंदमानकडे दडवून ठेवली आणि इकडे विशाखापट्टणमजवळून राजपूत या जुन्या विनाशिकेने आपणच विक्रांत असल्यासारखे संदेश पाठवले. पाकिस्तानची गाझी पाणबुडी तिला शोधत विशाखापट्टणमच्या तोंडाशी आली आणि 3-4 डिसेंबरच्या रात्री तिथेच बुडाली. 4 डिसेंबरला विक्रांतवरून सी हॉक उडाली आणि कॉक्स बाजार, चितगाव इथल्या विमानतळांवर आणि बंदरांवर हल्ले सुरू झाले. सी हॉकच्या 300 स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता आणि कॅप्टन स्वराज प्रकाश दोघांनाही महावीरचक्र मिळालं.

मॉडेलवाल्यांनी यातून काय घ्यायचं ते सांगतो. विमान सोडतानाचा देखावा करणार असाल तर जहाज वाऱ्याच्या तोंडावर आहे, म्हणजे झेंडा आणि चिमणीचा धूर सरळ मागे जायला हवेत, आडवे नाहीत. आम्ही अशी सुंदर मॉडेलं बघितलीत जिथे विमान पुढे चाललंय आणि झेंडा डावीकडे फडकतोय. आणि 1971 ची विक्रांत दाखवताना नाकाशी पांढऱ्या फेसाचा डोंगर उभा करू नका, तेवढी ती पळतच नव्हती.

प्रश्न: नेलपॉलिश रिमूव्हरने किट चिकटतं असं व्हिडिओत बघितलं. खरंय का?
— नववीतली वाचक, नाशिक

उत्तर: चिकटतं म्हणण्यापेक्षा वितळतं. त्यातलं अॅसिटोन प्लास्टिक खातं, आणि नको तिथेही खातं, शिवाय बाटलीत तेल आणि वास घातलेला असतो तो रंगाला नडतो. पातळ मॉडेल सिमेंटची एक छोटी बाटली घे, वर्षभर पुरते, खिडकी उघडी ठेवून वापर. घरच्या जुगाडापैकी एकच शिकून घे, तो म्हणजे उरलेला स्प्रू. मोठ्या माणसाला शेजारी बसवून मेणबत्तीच्या वर (ज्योतीत नाही) धर, मऊ झाला की बाजूला घेऊन दोन्हीकडून हळू ओढ. केसासारखी तार मिळते, ती जहाजाच्या अँटेनाला आणि दोऱ्यांना. विकतच्यापेक्षा छान होते.

प्रश्न: 1971 च्या विक्रांतसाठी झेंड्याचं डेकल मागवलं, त्यावर शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. तोच लावावा असं वाटतं. लाल क्रॉसवाला झेंडा इंग्रजांचा, तो कशाला?
— न्यू जर्सीतला मराठी वाचक

उत्तर: भावना अगदी समजते, अष्टकोन बघून आमचीही छाती फुगली होती. पण हा झेंडा आला 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत, ज्या दिवशी नवी विक्रांत नौदलात आली त्याच दिवशी. जुनी विक्रांत 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली. तिच्या सबंध नोकरीत तिच्यावर पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा हाच झेंडा होता, 1950 पासूनचा. त्याच झेंड्याखाली पोरं 1971 ला लढली, तेव्हा मॉडेलवर तोच पाहिजे. 2001 ला क्रॉस काढून निळं बोधचिन्ह आलं, 2004 ला क्रॉस परत आला पण मध्ये अशोकस्तंभ घेऊन, 2014 ला त्याखाली सत्यमेव जयते आलं. म्हणजे नुसत्या झेंड्यावरून जहाजाचं साल ओळखता येतं, आणि चुकीचा लावला तर चूकही लांबूनच ओळखू येते.

तुमचं डेकल फुकट घालवू नका. नवी विक्रांत बनवा, कोचीन शिपयार्डची, 262 मीटर, 1/700 ला साधारण साडेसदतीस सेंटीमीटर होते. अष्टकोन तिच्यावर शोभेल. डेकल चॉकलेटच्या चांदीवर चिकटवा आणि पेन्सिलीवर हलकी घडी द्या, झेंडा खराच फडकल्यासारखा दिसतो.

प्रश्न: शाळेच्या प्रदर्शनात मुलांकडून आंग्र्यांची गुराब (मराठा आरमारातलं लढाऊ जहाज) करून घ्यायची आहे. नेटवरची चित्रं मोठ्या युरोपियन जहाजांसारखी वाटतात.
— शिक्षिका, अलिबाग

उत्तर: तुम्हाला जे खटकलं ते बरोबरच खटकलं मॅडम, त्यातली बरीच चित्रं म्हणजे स्पॅनिश गलिऑनला भगवा झेंडा. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने गुराबेचं बारकाईने वर्णन केलंय ते धरून चाला. बहुतेक गुराबा दोन डोलकाठ्यांच्या, साधारण 150 टनांच्या, मोठ्या तीन डोलकाठ्यांच्या, 300 टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, आणि मधल्या भागापासून पुढे निमुळती होत गेलेली, टोकाला लांब चोच पुढे आलेली. खास गोष्ट म्हणजे पुढच्या भिंतीला भोकं पाडून दोन तोफा बसवलेल्या, त्या चोचीवरून सरळ समोर डागायच्या. म्हणजे शत्रूच्या मागे लागून त्याच्या शिडांवर, दोरखंडांवर मारा करता यायचा, वळून आडवं उभं राहायची गरजच नाही. बरोबरची गलबतं लहान, 70 टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, वारा पडला की तीच गुराबेला ओढून न्यायची.

मुलांना सांगा की पुढची चोच आणि त्या दोन तोफा चुकल्या नाहीत की निम्मं काम झालं. शिडं मांजरपाटाची करा, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा. देखाव्याला विजयदुर्गजवळ वाघोटनच्या खाडीत खडकात खोदलेली जुनी गोदी आहे, ती शाळेची सहल नेऊन दाखवता आली तर फारच छान. आणि साल 1756 च्या आधीचं लिहा, कारण त्या फेब्रुवारीत विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं.

प्रश्न: आमच्याकडे हे जहाजं करतात आणि धूळ मी पुसते. परवा एक मास्ट मोडलं तर दोन दिवस अबोला. आता ते 1/350 ची विक्रांत घेऊन बसलेत. काहीतरी करा!
— गृहिणी, ठाणे

उत्तर: वहिनी, आधी एक हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. 1/350 ला ती विक्रांत 61 सेंटीमीटर होते, दोन्ही बाजूंना हात जाईल इतकी जागा धरून पेटी पाऊण मीटरची, म्हणजे तुमच्या टीव्हीच्या कपाटाचा अख्खा खण गेला. 1/700 ला तीच 30 सेंटीमीटर, पुस्तकांच्या खणात मावते. ते म्हणतील बारीक काम दिसत नाही, आणि खरंय, 1/700 ला अख्खं सी हॉक सतरा मिलिमीटर भरतं, चष्म्यावर चष्मा लावून रंगवावं लागतं. ते त्यांचं त्यांना बघू द्या.

धुळीला ओला कपडा कधीच नको, डेकल उठतात आणि पितळी रेलिंग कपड्याच्या धाग्यात अडकून येतं. मेकअपचा मऊ मोठा ब्रश, जुना चालेल, त्याने पुढून मागे एकाच दिशेने झाडायचं. आणि हे काम तुम्ही का करताय? ब्रश त्यांच्या हातात द्या. पेटी मात्र अॅक्रिलिकची करून घ्या, काचेची जड होते, खिडकीसमोर ठेवू नका कारण उन्हाने डेकल पिवळी पडतात, आणि पेटीचं माप जहाज सुरू करायच्या आधी सुताराकडून घेऊन ठेवा. बजेट कोणाच्या खिशातून जाणार ते त्याच वेळी ठरवून टाका.